लोसर ते ग्राम्फू: कच्च्या रस्त्यासाठी सायकल बांधताना

हिमाचलच्या स्पिती खोऱ्यातलं लोसर गाव मागे पडलं की मनालीच्या बाजूच्या ग्राम्फूच्या फाट्यापर्यंत साधारण ८० किलोमीटर उरतात. मध्ये कुंझुम खिंड आहे, ४५५० मीटरच्या आसपास. हंगामात बातल आणि छत्रूला ढाबे लागतात, तिथे डाळभात आणि रात्री पाठ टेकायला जागा मिळते. सायकलचं दुकान, वेल्डिंगवाला, दवाखाना यांतलं मध्ये काहीच नाही. कागदावर हा राष्ट्रीय महामार्ग ५०५ आहे. प्रत्यक्षात मोठा भाग गोटे, सुटी खडी, नाल्यांनी वाहून आणलेला गाळ आणि पिठासारखी धूळ असा आहे. सीमा सडक संघटनेचं काम चालू असतं, त्यामुळे कुठला तुकडा यंदा दाबून सपाट केलेला असेल आणि कुठला उखडलेला, हे घरून निघताना सांगता येत नाही. सगळाच उखडलेला आहे असं धरून तयारी करावी.

स्पितीला सायकल न्यायची ठरली की पहिला प्रश्न हमखास कुंझुमच्या चढाचा असतो. चढाची एवढी काळजी नको. चढ हळूहळू सरतो, नाहीच जमलं तर उतरून ढकलता येतं. सायकल मोडते ती थरथराटाने. दिवसाचे सहा-सात तास चाकापासून हँडलपर्यंत प्रत्येक सांधा हादरत राहतो. त्यात बोल्ट सैल होतात, कॅरियरला तडे जातात, स्पोक तुटतात आणि हातांची बोटं बधिर होतात. पुढची सगळी तयारी हा थरथराट कमी कसा करायचा आणि उरलेला कुठे मुरवायचा, याच हिशेबाने सांगतो.

पहिला आणि सर्वांत स्वस्त उपाय म्हणजे टायर. फ्रेममध्ये मावेल तेवढा रुंद घाला. २ इंच हे किमान, २.२ ते २.४ असेल तर उत्तम. टायर आणि फ्रेमच्या मध्ये दोन्ही बाजूंना निदान ६ मिलिमीटर मोकळे राहिले पाहिजेत, कारण नाल्याजवळच्या चिखलात बारीक खडे असतात आणि ते टायरला चिकटून वर येतात. फट कमी असेल तर तेच खडे फ्रेमचा रंग आणि मग धातू खरवडतात. मडगार्ड असेल तर त्याचीही तीच गत, म्हणून या टप्प्यासाठी मडगार्ड काढून ठेवलेलं बरं. ३५ मिलिमीटरच्या टायरवर हा रस्ता पार केलेले लोक आहेत, पण ते हलकं सामान घेऊन जातात आणि उतारावर चालत्या माणसाच्या वेगाने उतरतात. भरलेल्या सायकलला तो टायर नको.

रुंद टायर घेऊन त्यात ठासून हवा भरली तर पैसे वाया गेले. स्वार ७०, सायकल १५ आणि सामान १५, असं एकूण १०० किलो वजन धरलं तर २.२ इंची टायरला मागे ३२ आणि पुढे २५ पीएसआय (पंपाच्या गेजवरचं दाबाचं माप) हवा पुरते. स्पितीतलं मुख्य गाव काझा, तिथपर्यंतच्या डांबरी रस्त्यावर ४० ते ४५ ठेवा, लोसरला पोचल्यावर कमी करा. टायरच्या कडेवर छापलेल्या किमान आकड्याच्या खाली मात्र जाऊ नका. हवा बरोबर आहे का हे रस्ताच सांगतो. गोट्यावरून जाताना रिम आपटल्याचा ‘ठक्क’ असा कोरडा आवाज आला तर २-३ पीएसआय वाढवा. तासभरात एकदाही आवाज आला नाही आणि हाताला सतत बारीक मार बसतोय, तर तेवढीच कमी करून बघा.

इथे उंचीचा एक हिशेब लक्षात ठेवायला हवा. ट्यूबमध्ये तेवढीच हवा असली तरी बाहेरचा दाब घटल्यामुळे गेज जास्त आकडा दाखवतो. समुद्रसपाटीवर भरलेला टायर कुंझुमवर सुमारे ६ पीएसआय जास्त दाखवेल. पहाटेच्या थंडीत उलटं होतं, दर १० अंशांना साधारण दीड पीएसआय कमी. पुण्यात भरलेल्या आकड्यावर म्हणूनच विसंबू नका, रोज सकाळी निघताना तपासा. पंपाचीही तीच कथा. साडेचार हजार मीटरवर हवा विरळ, त्यामुळे प्रत्येक दट्ट्याला ट्यूबमध्ये जाणारी हवा समुद्रसपाटीच्या जेमतेम ५७ टक्के. घरी १०० दट्ट्यांत भरणारा टायर तिथे १७५ दट्टे मागतो, आणि तेही धाप लागलेली असताना. खिशात मावणारा चिमुकला पंप इथे कामाचा नाही. जमिनीवर टेकवून मारता येणारा, रबरी नळीचा पंप घ्या. नळी असली की झडपेवर ताण येत नाही. थेट लावलेल्या पंपाने घाईत दट्टे मारताना झडपेचं बूड ट्यूबमधून उचकटण्याचा धोका असतो, आणि उचकटलेल्या झडपेला पॅच नाही.

ट्यूब की ट्यूबलेस, यावर माझं मत सांगतो. स्पितीच्या बाजूला काट्यांचा त्रास फारसा नाही. तिथे दोन गोष्टी होतात. एक, रिम आणि दगडाच्या मध्ये चिमटून ट्यूबला साप चावल्यासारखी जोडीने पडलेली दोन भोकं. दोन, धारदार दगडाने टायरची कड चिरणं. ट्यूबलेसमुळे पहिलं टळतं. दुसरं झालं की ट्यूबलेसवाल्यालाही शेवटी ट्यूबच घालावी लागते. तुम्ही वर्षभर ट्यूबलेस वापरत असाल, प्लग (भोकात दाबून बसवायची रबरी पट्टी) मारण्याची सवय असेल, तर तेच ठेवा आणि एक ट्यूब बरोबर घ्या. निघायच्या आठवड्यात हौसेने बसवून घेऊ नका. ट्यूबवाल्यांनी दोन नव्या ट्यूब, १० पॅच आणि सोल्युशनच्या दोन न फोडलेल्या ट्यूब घ्याव्यात. एकदा फोडलेलं सोल्युशन महिन्या-दोन महिन्यांत आतल्या आत वाळतं आणि ते नेमकं गरजेच्या वेळी कळतं.

कड चिरली तर काय करायचं, ते घरी जुन्या टायरवर एकदा करून पाहाच. सगळी हवा सोडा आणि टायरची एकच बाजू रिमबाहेर काढा. चीर आतून बघा. धागे तुटलेत की फक्त वरचं रबर कापलंय? धागे शाबूत असतील तर काही करू नका. तुटले असतील आणि चीर एक सेंटीमीटरपेक्षा मोठी असेल तर ती शिवावी लागते. त्यासाठी जाड सुई आणि मेणाचा नायलॉन दोरा लागतो, चप्पल शिवणारे वापरतात तसा. चिरेच्या कडेपासून ४-५ मिलिमीटर आत टाका घ्या, कडेला लागून घेतलात तर धागा रबर फाडत बाहेर येतो. टाके आडवे घ्या, ओढून कडा भिडवा, पण एकमेकींवर चढू देऊ नका. मग आतून ठिगळ. जुन्या टायरच्या कडेचा तुकडा सर्वांत चांगला. तो घरूनच कापून, कडा तासून पातळ करून न्यायचा. चिरेच्या चहूबाजूंनी दोन सेंटीमीटर जास्त हवा. पातळ कडा महत्त्वाची आहे, जाड राहिली तर तीच कड ट्यूबला घासून दुसरं पंक्चर करते. प्लॅस्टिकच्या बाटलीचा तुकडा याच कारणासाठी वापरू नका. काहीच नसेल तर ज्यूसच्या खोक्याचा कागद दोन पदरी घाला, एखादा दिवस निघतो. आधी १५ पीएसआय हवा भरा, चाक फिरवून फुगवटा येतोय का बघा, मगच पूर्ण भरा. शिवलेला टायर मागे घाला. उतारावर पुढचा टायर अचानक बसला तर माणूस हँडलवरून जातो. मागे वजन जास्त म्हणून मागच्या पिशव्यांतलं जड सामान पुढे हलवा.

आता चाकं. स्पोक फार ताणल्यामुळे तुटतो असा समज आहे. तसं क्वचित होतं. तार हाताने पुढेमागे वाकवत राहिली की तुटते ना, तसा स्पोक चाकाच्या प्रत्येक फेऱ्यात ढिला-घट्ट, ढिला-घट्ट होत राहून हबजवळच्या, म्हणजे चाकाच्या मधल्या तुंब्याजवळच्या वाकात तुटतो. म्हणजे सैल स्पोकच आधी जातो. निघण्यापूर्वी शेजारशेजारचे स्पोक जोडीने हातात दाबून बघा, किंवा नखाने छेडा. एका बाजूच्या सगळ्या तारांचा सूर जवळपास सारखा आला पाहिजे. एखादी ‘ठप्प’ वाजली तर ती सैल आहे. मागच्या चाकात उजवीकडच्या, म्हणजे कॅसेटच्या (मागच्या दातेरी चक्रांच्या) बाजूच्या तारा डावीकडच्यांपेक्षा घट्ट असतात, तेव्हा दोन बाजूंचे सूर एकमेकांशी जुळवायला जाऊ नका. भरलेल्या सायकलला मागे ३२ तारा हव्यात, ३६ मिळाल्या तर सोन्याहून पिवळं.

प्रत्येक लांबीचे दोन-दोन सुटे स्पोक निपलसह (रिमकडच्या टोकाच्या बारीक नटांसह) घ्या आणि चेनस्टेला, म्हणजे मागच्या चाकाकडे जाणाऱ्या फ्रेमच्या खालच्या नळीला टेपने चिकटवून टाका. डिस्कच्या चाकात पुढेही डाव्या-उजव्या बाजूंची लांबी बहुधा वेगळी असते, म्हणून मोजून घ्या, अंदाजाने नको. कॅसेटच्या बाजूचा स्पोक बदलायचा तर कॅसेट काढावी लागते. त्यासाठी फ्रेमच्या आधाराने फिरवायचं, कॅसेट धरून ठेवणारी रिंग सोडवणारं छोटं लॉकरिंगचं हत्यार मिळतं, किंवा दोरीचा तात्पुरता स्पोक मिळतो, जो कॅसेट न काढता हबच्या भोकातून ओवता येतो. दोन्हीपैकी एक हवंच. बदलायला वेळ नसेल, पाऊस असेल, तर तुटलेला तुकडा शेजारच्या तारेला गुंडाळा. उजवीकडची तार तुटली की रिम डावीकडे ओढली जाते. दोन्ही शेजारच्या डावीकडच्या तारा अर्धा-अर्धा आटा सैल करा, आऊट (चाकाचा वाकडेपणा) बराच निघतो. डिस्क ब्रेक असेल तर थोडा आऊट राहिला तरी मुक्कामापर्यंत जाता येतं.

आणि मग कॅरियर. या रस्त्यावर सर्वांत जास्त जाच याचाच. दोष बहुतेक वेळा कॅरियरचा नसतो, बोल्टचा असतो. मागच्या एक्सलजवळ कॅरियर एका एम५ बोल्टवर उभं असतं, ५ मिलिमीटर जाडीचा बोल्ट. तो घट्ट आहे तोवर वजन दोन धातूंच्या घर्षणावर पेललं जातं. अर्धा आटा सैल झाला की कॅरियर त्या बोल्टवर हातोड्यासारखं आपटत राहतं, आणि संध्याकाळपर्यंत बोल्ट फ्रेमच्या तोंडाशी कापला जातो. आतलं अर्धं आट्यात अडकून बसतं.

हे टाळायला तीन गोष्टी करा. निघायच्या दोन दिवस आधी सगळे कॅरियरचे आणि बाटलीच्या जाळीचे बोल्ट काढा, आटे पेट्रोलने किंवा स्पिरिटने पुसून कोरडे करा, प्रत्येकाला निळ्या लॉकटाईटचा (आटे धरून ठेवणाऱ्या गोंदाचा) एक थेंब लावून कसा. पूर्ण पकड बसायला २४ तास जातात, म्हणून दोन दिवस आधी. लाल लॉकटाईट नको, ते तापवल्याशिवाय सुटत नाही. दुसरं, एक्सलजवळचे दोन बोल्ट जरा लांब घ्या म्हणजे फ्रेमच्या आतल्या बाजूला दोन-तीन आटे बाहेर येतील, आणि त्यावर नायलॉनचा नट चढवा. उजव्या बाजूला हे करताना चेन सर्वांत लहान चक्रावर घालून चाक फिरवून बघा. नट चेनला घासत असेल तर तिथे साधा आखूड बोल्टच ठेवावा लागेल. तिसरं, घट्ट केलेल्या बोल्टच्या डोक्यावरून फ्रेमपर्यंत नेलपॉलिशची एक सरळ रेघ ओढा. रेघ मोडलेली दिसली की बोल्ट फिरलाय. संध्याकाळी थकून आल्यावर प्रत्येक बोल्टला ॲलन की लावून बघण्याचा कंटाळा येतो. रेघ नुसत्या नजरेने कळते, टॉर्चच्या उजेडातसुद्धा.

तरीही कापला गेलाच, तर आतल्या बाजूने बोल्टचं टोक दिसतंय का बघा. दिसत असेल तर पकडीने धरून त्याच दिशेने पुढे फिरवत आतून बाहेर काढता येतं. टोक दिसत नसेल तर त्या आट्याचा नाद सोडा. होज क्लॅम्प, म्हणजे गॅस शेगडीच्या नळीला लावतात तसल्या स्क्रूच्या पट्ट्या, फ्रेमच्या नळीवर मावतील अशा दोन बरोबर ठेवा. नळीवर जुन्या ट्यूबचा तुकडा गुंडाळा, कॅरियरचा पाय त्यावर टेकवा, पट्टी आवळा. काझाला किंवा मनालीला पोचेपर्यंत हे टिकतं. एम५चे १६ आणि २० मिलिमीटरचे चार-चार बोल्ट, वॉशर आणि नट एका फिल्मच्या डबीत घाला, वजन मूठभर शेंगदाण्यांएवढंही नाही.

कॅरियर लोखंडी असावं. ॲल्युमिनियमचं हलकं असतं, पण त्याला वेल्डजवळ तडा जातो आणि ते सांधणारा माणूस या भागात शोधून मिळणार नाही. लोखंडी कॅरियर किन्नौरमधल्या रेकाँग पिओ किंवा काझाच्या गॅरेजमध्येही सांधता येतं. सीटच्या नळीला एकाच नटाने लटकणारं कॅरियर तर लोसरपर्यंतही नेऊ नका.

कॅरियर कुठलंही घ्या, त्याच्यावरचं वजन हाच मूळ मुद्दा आहे. वजन जास्त असेल तर थरथराटाचा मार जास्त बसतो, वेग कमी होतो, वेग कमी झाला की दिवस वाढतात, दिवस वाढले की खाणं-पाणी वाढतं, आणि वजन परत वाढतं. हे चक्र घरीच तोडावं लागतं. पाणी आणि खाणं सोडून १२ किलोच्या वर सामान नको. या टप्प्यासाठी माझ्या मते स्टोव्ह आणि भांडी घरी ठेवावीत. साडेचार हजार मीटरवर पाणी ८५ अंशांच्या आसपास उकळतं, कुकरशिवाय डाळ शिजतच नाही, भात कचकचीत राहतो. ढाब्यांवर दोन वेळचं जेवण होतं. मधल्या वेळेसाठी न शिजवता खाता येईल असं न्या: राजगिऱ्याच्या वड्या, गूळ-शेंगदाणे, खजूर, सातूचं पीठ. पातळ पोह्यांचा चिवडा या कामाला फार चांगला, फक्त कडक डब्यात भरा, पिशवीत भरला तर दुपारपर्यंत त्याचा भुगा होतो. एका माणसाला तीन दिवसांना हे सगळं मिळून दीड किलो पुरतं, आणि एखादा नाला अडवून बसला तर चौथ्या दिवसासाठी अर्धा किलो वेगळं.

मोबाईल हँडलवर लावू नका. सततच्या बारीक हादऱ्याने कॅमेऱ्यातली चित्र स्थिर ठेवणारी यंत्रणा बिघडू शकते. नकाशा आधीच उतरवून घ्या आणि फोन खिशात ठेवा. लोसरच्या पुढे रेंज मिळेल असं धरून कुठलाच बेत आखू नका.

गिअरबद्दल थोडक्यात. पुढे २२ आणि मागे ३४ दात असे मिळाले तर चांगलं. २९ इंची चाकाला त्यात एका फेऱ्यात साधारण दीड मीटर अंतर जातं, मिनिटाला ६० फेरे मारले तर ताशी ५ किलोमीटरच्या जरा वर. त्याहून हळू सायकल तोलत नाही, उतरून चालावं. डिरेलर म्हणजे चेन एका चक्रावरून दुसऱ्यावर नेणारी यंत्रणा, आणि ती फ्रेमला जिथे लटकते तो तुकडा म्हणजे हँगर. हा हँगर सुटा मिळतो, आपल्या फ्रेमचाच एक बरोबर ठेवा. रेल्वेतून किंवा बसच्या टपावरून नेताना तोच पहिला वाकतो, म्हणून प्रवासापुरता डिरेलर हँगरवरून सोडवून, फडक्यात गुंडाळून चेनस्टेला बांधा.

ब्रेक डिस्कचे असोत, आणि जमलं तर केबलवाले. केबल तुटली तर रस्त्यात बदलता येते, तेलाची नळी फुटली तर काहीच करता येत नाही. पॅड धातूमिश्रित घ्या. हिमनदीच्या पाण्यातून येणारा गाळ पॉलिशच्या पावडरीसारखा बारीक असतो, साधे रेझिनचे पॅड तो एक-दोन दिवसांतही खाऊ शकतो. दोन जोड्या सुट्या ठेवा. चेनला तेल कमी लावा. ओलसर तेल आणि ती धूळ मिळून चेन घासणारी लेई तयार होते. रोज संध्याकाळी जुन्या सुती कापडाने चेन कोरडी पुसा, कोरड्या प्रकारचं तेल कडीकडीला एक थेंब घाला, दहा मिनिटांनी परत पुसा. नाल्यातून सायकल गेली असेल तर हे चुकवू नका.

नाल्यांचं गणित घड्याळावर चालतं. पाणी वितळत्या बर्फाचं, त्यामुळे पहाटे सर्वांत कमी आणि दुपारनंतर चढत जाणारं. बातल ते छत्रू हा ३२ किलोमीटरचा पट्टा सकाळी उजाडताच सुरू करावा म्हणजे मोठे नाले ऊन चढायच्या आत मागे पडतात. गुडघ्याच्या वर आणि जोराचं पाणी असेल तर उतरू नका, मागे जाऊन थांबा, पहाटे वाट मिळते. पायातलं काढू नका. पट्ट्यांचे सँडल घाला, अनवाणी पाय गोट्यात अडकतो. पिशव्या आधी उतरवून वेगळ्या न्या, कारण पाण्याचा सगळा जोर त्यांच्यावर बसतो. सायकल ढकलताना ती प्रवाहाच्या खालच्या बाजूला ठेवा. वरच्या बाजूला ठेवली आणि पाण्याने ढकलली तर ती तुमच्या पायांवर येते. तापलेली डिस्क आणि हब थेट बर्फाच्या पाण्यात घालू नका, पाच मिनिटं थांबा; गरम हब अचानक गार झाला की आतली हवा आकसते आणि सीलमधून पाणी ओढलं जातं.

पिण्याचं पाणी लोसरहून निघताना तीन लिटर घ्या. नाल्याचं पाणी गढूळ असतं, ते फिल्टरमध्ये थेट ओतलं तर फिल्टर दोन दिवसांत तुंबतो. बाटलीत अर्धा तास निवळू द्या, वरचं पाणी रुमालातून गाळा, मग फिल्टर. क्लोरीनच्या गोळ्यांना गार पाण्यात नेहमीपेक्षा जास्त वेळ लागतो, तासभर धरा. पोकळ धाग्यांचा फिल्टर रात्री गोठला की बाहेरून धडधाकट दिसतो आणि आतून निकामी झालेला असतो, म्हणून तो झोपताना पांघरुणात घ्या.

हात सांभाळा. करंगळी आणि तिच्या शेजारचं बोट बधिर व्हायला लागलं तर तळहाताच्या कडेने जाणारी नस दबते आहे. पुढच्या टायरची हवा २ पीएसआय उतरवा, दर दहा मिनिटांनी पकड बदला, उतारावर हँडल घट्ट आवळू नका. काझा ते लोसरच्या मोकळ्या पठारी भागात रस्त्यावर पन्हळी पत्र्यासारख्या आडव्या सऱ्या पडलेल्या असतात. तिथे कडेची पट्टी बरीच गुळगुळीत असते, मोटारी तिथून जात नाहीत. बोटांत नुसता बधिरपणा न राहता ताकदच गेली, ब्रेकचा दांडा दाबता येईना, तर एक दिवस थांबा. तसल्या हाताने कुंझुम उतरणं धोक्याचं आहे.

जायचं कुठल्या बाजूने, याला माझ्या मते एकच उत्तर आहे: सिमल्याकडून. मनाली २०५० मीटरवर, तिथून छत्रू ३३५०, बातल चार हजाराच्या जरा खाली आणि लगेच कुंझुम. शरीराला सवय व्हायला वेळच मिळत नाही. तीन हजारांच्या वर झोपण्याची उंची एका दिवसात ५०० मीटरपेक्षा जास्त वाढवू नये. सिमल्याकडून कल्पा २९६०, नाको साधारण ३६००, ताबो ३२८०, काझा ३६५०, लोसर ४०८० अशी चढण मिळते. यात एकच उडी मोठी आहे, कल्पा ते नाको. म्हणून नाकोला दोन रात्री काढा. काझालाही एक दिवस थांबा. सायकलची पूर्ण तपासणी तिथेच करायची आहे, कारण पुढे सोय नाही. ताबोचा मठ इसवी सन ९९६चा आहे, तिथे अर्धा दिवस द्याच. डोकं दुखतंय आणि मळमळतंय तर त्या रात्री वर चढू नका. सरळ रेषेत चालताना तोल जातोय तर वाट न बघता, मिळेल त्या गाडीने खाली उतरा.

दिवस ऑगस्टच्या शेवटच्या आठवड्यापासून सप्टेंबरच्या तिसऱ्या आठवड्यापर्यंतचे. जुलैत बर्फ वितळून नाले भरलेले असतात आणि किन्नौरच्या बाजूला पावसाने दरडी येतात. सप्टेंबरमध्ये नाले उतरतात, पण लोसर-बातलच्या रात्री शून्याखाली जातात. शून्याखाली ५ अंश झेपेल असं पांघरूण घ्या.

टप्पे तीन धरा. लोसर ते बातल ३१ किलोमीटर: १९ चढाचे, मग खिंडीपासून १२ किलोमीटरांत जवळजवळ ६०० मीटरांचा उतार. खिंडीत कुंझुम मातेचं मंदिर आहे, तिथे येणारी वाहनं मंदिराला फेरी घालून पुढे जातात, आपणही घालावी. बातल ते छत्रू सर्वांत खडतर, सरासरी वेग ताशी ६ ते ८ किलोमीटर. शेजारून चंद्रा नदी वाहते. हीच पुढे तांदीला भागा नदीला मिळून चंद्रभागा होते. पंढरपूरची चंद्रभागा ऐकत वाढलेल्या आपल्यासारख्यांना त्या राखाडी पाण्याशी पाच मिनिटं थांबावंसं वाटेल, जरूर थांबा, फक्त नाले ओलांडून झाल्यावर. तिसऱ्या दिवशी छत्रू ते ग्राम्फू १७ किलोमीटर.

हे सगळं घरी एकदा पडताळून बघा. निघण्याच्या महिनाभर आधी, तेच सामान, तेवढंच वजन बांधून मुळशी, वेल्हे किंवा भोरकडच्या कच्च्या रस्त्यावर सलग दोन दिवस १०० किलोमीटर चालवा. डांबरी रस्त्यावरची चाचणी इथे कामाची नाही, तिच्यात एकही बोल्ट हलत नाही. घरी आल्यावर नेलपॉलिशच्या रेघा बघा. जी मोडलेली असेल तो बोल्ट काझानंतरही सुटणार.

ग्राम्फूला रोहतांग खिंडीवरून जाणारा मनाली-केलाँगचा जुना डांबरी रस्ता लागतो आणि सुटल्यासारखं वाटतं. तिथे थांबून पॅड काढून बघा. वर रोहतांगपर्यंत साधारण १५ किलोमीटर चढ आहे, पण खिंडीपलीकडे मनालीपर्यंत १९०० मीटरांहून जास्त उतार आहे, गुळगुळीत आणि वेगाचा. कच्च्या रस्त्याने खाल्लेले पॅड तिथे दगा देतात. धातूच्या पाठीवर एक मिलिमीटरपेक्षा कमी थर उरला असेल तर ग्राम्फूलाच बदला, हवा परत ४० पीएसआय करा, आणि नवे पॅड बसण्यासाठी चढाला लागण्याआधी सपाटीवर दहा-बारा वेळा वेग घेऊन हलके ब्रेक मारा.